कुंभारमाळाचं बंद दार

उंबरसोंड्याच्या कॉलेजातलं कलासंकुल पाहायला येणारा पाहुणा हमखास आधी चुकीच्या बाजूला जातो. दोष त्याचा नाही. एसटी स्टँडकडून येणारा रस्ता सरळ त्या मोठ्या कमानीपुढेच जाऊन थांबतो. काळ्या दगडाची उंच कमान, वर समोरासमोर कोरलेले दोन मोर. एवढी कमान बांधायची आणि तिच्यातून आत जायचं नाही, हे कुणाच्या डोक्यात येईल? पण जवळ गेलं की कळतं, कमानीला दार नाही. दाराच्या जागी मातीची भिंत आहे आणि ती कुणा गवंड्यानं रचलेली नाही. गोळ्यावर गोळे बसून ती झाली आहे. निरखून पाहिलं तर तिच्यात बोटांचे ठसे दिसतात, कुठे तळहाताची रेघ दिसते. पाहुणा बावचळून इकडेतिकडे पाहतो. मग समोरचा पानवाला पान जुळवता जुळवता सांगतो, "हिकडनं न्हाई वं, मागनं जावा. हौदाकडनं."

मागनं म्हणजे चिखलातून. नाटक पाहायला आलेला असो, गाणं ऐकायला आलेला असो, नाहीतर दिवा लावायला आलेला मोठा माणूस असो, सगळ्यांना आधी मातीचा हौद लागतो. ओल्या गोणपाटांनी झाकलेला असतो, आणि त्याला वास येतो. जुन्या मातीला येतोच. पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला तर आम्ही काही बोलत नाही, मनात मात्र धरून ठेवतो. हौदातून मूठभर माती घ्यायची, ती हातात धरून अंगणातून कमानीच्या आतल्या अंगाला यायचं आणि ती माती दारावर मारायची. मारायची. हळूच लावायची नाही, आणि फुलासारखी वाहायची तर मुळीच नाही.

हल्ली संस्थेनं छापलेल्या माहितीपत्रकात याला 'मातीशी नातं जोडण्याचा हृद्य सोहळा' म्हटलं आहे. ते वाचलं की आमचं डोकं फिरतं. हृद्य? पाहुणे मंडळी हसत हसत मोबाइलकडे तोंड करून माती टाकतात आणि लगेच हात पुसायला टॉवेल मागतात. कुणी तर हातमोजे मागितले होते. अहो, ही रागाची रीत आहे. एका बाईच्या रागाची. तो कुणावर होता आणि कशापायी होता, ते आधी ऐकून घ्या. मग घ्या माती हातात.

फार पूर्वी इथं नुसता माळ होता आणि उतारावर कुंभारांची घरं. खालच्या ओढ्याला जिथं वळण आहे तिथला गाळ लोण्यासारखा, त्यात बोट घातलं तर खडा लागायचा नाही. गावच्या संस्थेनं कॉलेज काढायचं ठरवलं तेव्हा कुंभारांकडे माळ मागितला आणि पोरं शिकतील म्हणून त्यांनी तो दिला. कॉलेज उभं राहिलं. त्यात चित्रकला आणि शिल्पकलेचा वर्ग निघाला, आणि त्याच्या वाट्याला आल्या अगदी टोकाच्या दोन पत्र्याच्या शेड. तिथं शिकवायला आल्या काळसेकरबाई.

मंदाकिनी काळसेकर मूळच्या मालवणकडच्या, शिल्पकला शिकलेल्या मुंबईत. हाडापेरानं दणकट, पदर कायम खोचलेला, कोपरापर्यंत माती. आवाज असा की पलीकडच्या इमारतीतला इतिहासाचा वर्ग गप्प बसायचा. त्यांना चीड लवकर यायची आणि ती लपवायची त्यांना सवय नव्हती. प्राचार्य दातीर त्यांच्यासमोर आले की उगाच चष्मा पुसत बसायचे, असं सांगतात.

बाईंनी आल्या आल्या शेडच्या पुढ्यात हौद खणला आणि माती मागायला कुंभारवाड्यात गेल्या. तिथलं सगळ्यात वडीलधारं माणूस म्हणजे तानूआजी. तिनं आधी बाईंचे हात पाहिले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि मग पोरांना माती द्यायला सांगितली. पहिली पाटी तिनं स्वतःच्या हातानं हौदात रिकामी केली, म्हणे. पण एक अट घातली.

"बाई, ही माती वाळू देऊ नगा. वापरा, मोडा, पुन्हा वापरा. पर वाळू देऊ नगा. वाळल्याली माती रागावती."

बाईंनी हौदातली मूठभर माती उचलली आणि ती हातात धरूनच सांगितलं, "मी इथं आहे तोवर हा हौद वाळणार नाही." कुंभारांत मातीवर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे शपथ. बाईंना ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी ती घेतली.

तेव्हापासून सुट्टी असो, सण असो, हौदावर पाणी पडायचंच. बाई स्वतः ओतायच्या. दिवाळीला गावी जायच्या तर कुंभारवाड्यातल्या कुणाला तरी सांगून जायच्या. आणि त्यांनी वर्गाला एक नियम लावून दिला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलानं घरातल्या एका माणसाचं डोकं मातीत करायचं. आई, बाप, आजा, कुणीही. महिनेन् महिने त्यावर खपायचं. ते झालं की सगळ्यांनी पाहायचं, आणि मग ज्यानं केलं त्यानंच ते आपल्या हातानं मोडून परत हौदात घालायचं. साचा घ्यायचा नाही, प्लास्टर ओतायचं नाही. पहिलं डोकं मातीचं, ते मातीला परत. दुसऱ्यापासून पुढची तुमची. मुलं रडायची. बाई म्हणायच्या, "पुढच्या मुलाला माती कुठून येणार? तुझ्या आधीच्यांनी मोडली म्हणून तुला मिळाली."

अशानं त्या हौदात अख्खं गाव जमा झालं. कुणाची आई, कुणाचा चुलता, कुणाची गेलेली बहीण. मुलं माती मळायला बसली की म्हणायची, आज कुणाच्या आजोबांचं नाक माझ्या हाताला लागतंय कोण जाणे. ती थट्टा होती, पण थट्टा करतानाही ती हात जरा जपून चालवायची.

आता संस्थेचे चेअरमन. अण्णासाहेब हिंगमिरे. माणूस वाईट नव्हता, हे आम्ही कबूल करतो, पण आपल्या गावाची आपल्यालाच लाज वाटणारी जी माणसं असतात त्यातला होता. त्यांची मुलगी सरोज बाईंच्या वर्गात होती. तिनं पहिल्या वर्षी आपल्या आजीचं डोकं केलं, म्हणजे अण्णासाहेबांच्या आईचं. म्हातारी त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. सरोजनं ते असं केलं होतं की पाहणाऱ्याला वाटावं, आता म्हातारी 'कोण आहे' म्हणून विचारील. अण्णासाहेब पाहायला आले आणि तिथंच खांबाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "हे ब्राँझमध्ये करून घ्या. मी घरी नेणार."

बाई म्हणाल्या, "पहिलं डोकं हौदात जातं. सगळ्यांचं."

"मी चेअरमन आहे, बाई."

"म्हणूनच सांगते. तुमच्या मुलीला सूट दिली तर उद्या कुंभाराच्या मुलाला कोणत्या तोंडानं मोडायला सांगू?"

सरोजनं डोळे पुसत पुसत आजीचं डोकं मोडलं आणि हौदात सोडलं. अण्णासाहेब ते पाहत उभे होते. त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं म्हणे. त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत तो हौद खुपू लागला. त्यांना त्याचा वास येऊ लागला. आधी येत नव्हता.

पुढे संस्थेच्या मनात कलासंकुल बांधायचं आलं, आणि खरं सांगायचं तर ते आणलं बाईंनीच. वर्षानुवर्षं त्या प्राचार्यांच्या मागे लागल्या होत्या. नाटकवाली मुलं जेवणघरात तालमी करतात, गाणारी मुलं जिन्याखाली बसतात, चित्रं पत्र्याखाली तापतात. सगळ्यांना एका अंगणात आणा. बाईंनी नकाशाही काढून दिला होता. मधोमध हौद. त्याच्या भोवतीनं नाट्यगृह, चित्रदालन, गाण्याची खोली. कुठेही जायचं तर हौदावरून जायचं. नर्तकीनं जायचं, तबलजीनं जायचं आणि पाहणाऱ्यानंही जायचं. कला कशातून येते हे आधी दिसू दे, मग कला दिसू दे, असं त्यांचं म्हणणं.

काम मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा बाईंनी शेडमध्ये मुलांना पेढे वाटले. कुंभारवाड्यातही पाठवले. एवढ्या खूश त्या ना आधी कुणाला दिसल्या, ना नंतर.

मग शहरातून वास्तुविशारद आले आणि अण्णासाहेबांच्या बंगल्यावर बसून त्यांनी नवा नकाशा केला. त्यात सगळं होतं. नाट्यगृह, दालन, मोरांची कमान, कमानीला फुलापानांची लोखंडी जाळी. फक्त मधोमध हौदाऐवजी संगमरवरी कारंजं होतं. शेड पाडून गाड्या उभ्या करायची जागा होती. आणि मातीकाम? ते कुठेतरी मागे, भिंतीपलीकडे, पाहुण्यांच्या नजरेआड. नंतर बघू.

बाईंनी तो नकाशा प्राचार्यांच्या टेबलावर पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या म्हणाल्या, "बैठकीची खोली बांधलीत आणि चूल उकिरड्यावर टाकलीत." दातीरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बाई, माझ्या हातात काय आहे?" दातीरांच्या हातात कधीच काही नसायचं. त्यांच्यासारख्यांमुळेच हे सगळं होतं, हे आमचं मत आहे आणि ते बदलणार नाही.

बाई भांडल्या. संस्थेच्या सभेत भांडल्या, ठेकेदाराशी भांडल्या, मोजमापं घ्यायला आलेल्यांना हौदाच्या काठावरून हाकललं. त्यामुळे संकुल चारी बाजूंनी उभं राहत गेलं तरी मधला हौद तसाच राहिला. उद्घाटनाची तारीख ठरली. मंत्री येणार होते. आणि नेमकी तेव्हाच बाईंना प्रात्यक्षिक परीक्षेसाठी परीक्षक म्हणून कोल्हापूरला जायचं आलं. जाताना त्या मुलांना सांगून गेल्या, पाणी चुकवू नका.

मुलांनी चुकवलं नसतं. पण बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संकुलाभोवती पत्रे लागले आणि विद्यार्थ्यांना आत सोडणं बंद झालं. कारण काय, तर उद्घाटनाची तयारी. कडक उन्हाळ्याचे दिवस. गोणपाटं कुणीतरी काढून फेकली. हौद तापला, भेगाळला, आतवर वाळला. मग ठेकेदाराच्या माणसांनी पहारींनी ढेकळं फोडली आणि गाड्यांत भरली. कमानीपुढच्या नव्या रस्त्याला भर कमी पडत होती, तिथं ती पसरली, वरून मुरमाचा पातळ थर दिला. फुकटची भर मिळाली म्हणून ठेकेदार खूश. रिकामा हौद बुजवायला काठावर दगडगोटे येऊन पडले.

बाई परत आल्या तेव्हा हौदाच्या तळाशी ऊन पडलं होतं. असं सांगतात की त्या काठावर नुसत्या बसून राहिल्या. ओरडल्या नाहीत, आणि तेच मुलांना भयंकर वाटलं. मुलं भोवती जमली, मुली हुंदके द्यायला लागल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, "रडू नका. तुमच्या रडण्यानं माती ओली होणार आहे का?"

तानूआजी काठी टेकत वर आली. तिनं हौदात वाकून पाहिलं. बाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "आजी, शब्द मोडला माझा."

"तू न्हाई मोडला," आजी म्हणाली. "पर वाळली तर खरं."

बाई उठल्या आणि तशाच अण्णासाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. अण्णासाहेब मंडपवाल्याशी बोलत होते. बाईंनी एकच मागितलं. उद्घाटन करा, कमान ठेवा, कारंजं हवं तर दुसरीकडे करा, पण रस्त्याखालची माती काढून हौदात परत घाला.

अण्णासाहेब म्हणाले, "माती ती माती. ओढ्यात ढीग पडलाय, ट्रॅक्टर लावून देतो."

"त्या मातीत तुमची आई आहे."

अण्णासाहेबांचा आवाज चढला. "माझ्या आईला तुम्ही मोडलंत, बाई. मी नाही."

बाईंना त्यावर उत्तर सुचलं नाही. त्या माघारी फिरल्या. त्यांच्या आयुष्यात उत्तर न सुचण्याचा तो एकच प्रसंग, आणि तो त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिला, असं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी सांगतात. कारण बाईंच्या लेखी मोडणं आणि संपवणं या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या होत्या की हा माणूस त्या एक समजतो, यावर बोलावं कुठून हेच त्यांना कळेना.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून टँकर आले. मंत्र्यांच्या गाड्यांनी धूळ उडू नये म्हणून कमानीपुढचा रस्ता भिजवायचा होता. बाई पानाच्या टपरीशी उभ्या होत्या. काही लोक सांगतात की पाणी बाईंनीच सोडायला लावलं. खोटं आहे. बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त ठेकेदाराचा मुकादम त्यांच्यापाशी येऊन उगाच गोड बोलत विचारता झाला, "काय बाई, बसंल न्हवं धूळ?" बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. टँकरचा पाइप त्या पातळ मुरमावर भसाभसा पाणी ओतत होता. त्या म्हणाल्या, "बसेल. चांगली बसेल." मुकादमानं आणखी एक टँकर मागवला.

वाळलेलं ढेकूळ पाण्यात टाकून पाहा. दगडासारखं दिसणारं ढेकूळ बुडबुडे सोडतं आणि बघता बघता विरघळून मऊ होतं. आणि ही तर वर्षानुवर्षं मळलेली माती. मुरमाखाली ती पाणी पीत होती आणि वर मंडपात सनई वाजत होती.

मंत्र्यांची गाडी कमानीसमोर आली आणि थांबली. थांबवली नाही, थांबली. चाकं फिरत होती, पण गाडी खाली जात होती. ड्रायव्हरनं जोर लावला तशी गाडी आणखी रुतली, आणि मागच्या चाकांनी उडवलेली माती स्वागताला उभ्या असलेल्या मंडळींच्या रेशमी फेट्यांवर गेली. दातीरांचा चष्मा माखला. आता त्यांना पुसायला खरंच काही मिळालं. अण्णासाहेब हार घेऊन धावले. चार पावलं टाकली आणि त्यांचा जोडा मातीनं धरला. ते ओढायला गेले आणि तोल जाऊन पालथे पडले, हारासकट.

आता पुढचं ज्यांनी पाहिलं ते जसं सांगतात तसं सांगतो. रस्ता भिजला आणि मुरूम बाजूला सरला तसे त्या मातीवर चेहरे उमटायला लागले, म्हणे. कुठे एक कपाळ, कुठे मिटलेला डोळा, कुठे बोळकं तोंड. गर्दीतल्या एका बाईनं "माझे वडील!" म्हणून किंकाळी फोडली. लोक जागच्या जागी थिजले. कुणी पाऊल टाकीना, कारण पाऊल कुणाच्या तोंडावर पडेल याचा नेम नव्हता. आणि अण्णासाहेब हाताच्या पंजांवर उठायला लागले, तर त्यांच्या अगदी समोर, वीतभर अंतरावर, त्यांची आई होती. मधोमध चाकाची रेघ गेलेली. ते तसेच राहिले. उठेनात.

तानूआजी गर्दीत पुढेच होती. ती एवढंच म्हणाली, "रागावली बगा."

बाई आल्या. चपला त्यांनी टपरीपाशीच काढल्या होत्या. त्या चिखल तुडवत अण्णासाहेबांपर्यंत गेल्या आणि त्यांचं त्या दिवशीचं उत्तर, जे तेव्हा सुचलं नव्हतं, ते आत्ता आलं. "मी मोडली होती ती पुन्हा घडायला, अण्णासाहेब. तुम्ही तिच्या तोंडावरून गाडी नेलीत."

मग त्या वाकल्या. दोन्ही हातांनी माती उपसली, तिचा गोळा केला. समोर कमान होती, लोखंडी जाळीचं दार, त्याला लाल फीत आणि शेजारी तबकात कात्री. बाईंनी तो गोळा असा मारला की फितीसकट तो जाळीत जाऊन बसला. "हातांना माती लागू नये म्हणून बांधलंय हे दार," त्या म्हणाल्या. "हे आमचं नाही. यातून कुणी जायचं नाही!"

दुसरा गोळा सरोजनं मारला. बाप चिखलात बसलेला असताना मारला. मग वर्गातली मुलं, मग जुने विद्यार्थी, मग कुंभारवाडा. नाटकवाले आले, गाणारे आले. ज्याच्या त्याच्या मनात जे साठलं होतं ते त्या गोळ्यात गेलं. कुणी नावं घेऊन मारत होतं, कुणी दात ओठ खाऊन मुकाट्यानं. मंत्री दुसऱ्या गाडीत बसून केव्हा गेले ते कुणाला कळलंही नाही. जाळीची फुलं बुजली, पानं बुजली, वरच्या मोरांच्या पायांशी माती टेकली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार माणसं घेऊन दार मोकळं करायला आला. असं सांगतात की फावडी त्या ओल्या मातीवर आपटून परत आली. घण घातला तर घणाचा दांडा मोडला. खरंखोटं ती भिंतच जाणे, पण दार उघडलं नाही हे तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

अण्णासाहेब त्याच संध्याकाळी आले. बरोबर कुणी नव्हतं. त्यांनी रस्त्याच्या कडेला पडलेलं घमेलं उचललं, त्या मातीनं भरलं आणि कमानीला वळसा घालून रिकाम्या हौदापर्यंत नेलं. तिथं बाई होत्या. "कारंजं नको," ते म्हणाले, "हौद राहू दे." बाईंनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. आभार मानले नाहीत. माफही केलं नाही. माहितीपत्रकात लिहिलं आहे की 'त्या क्षणी दोघांच्याही डोळ्यांत अश्रू तरळले'. साफ खोटं. बाई एवढंच म्हणाल्या, "खडे निवडून टाका." आणि चेअरमन हौदाच्या काठावर बसून खडे निवडायला लागले.

हौद पुन्हा भरला. शेड राहिल्या. बाईंच्या नकाशाप्रमाणे हौद मधोमध आला आणि सगळ्यांची वाट त्याच्यावरूनच झाली. पुढच्या वर्षापासून नाट्यगृहात पहिला पडदा वर जाण्याआधी मुलं आपणहून हौदातली माती घेऊन दारावर मारायला लागली, आणि तीच रीत झाली. दर पावसाळ्यात ती भिंत थोडी गळते. गळलेली माती उचलून परत हौदात घालतात. दर हिवाळ्यात ती पुन्हा भरते.

बाई निवृत्त झाल्या, पण उंबरसोंड्यातच राहिल्या, कुंभारवाड्याशेजारी. राग मात्र निवृत्त झाला नाही. संस्थेनं बंद दाराला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं तेव्हा त्या काठी घेऊन सभेत गेल्या आणि म्हणाल्या, "पाटी लावा. ती बुजवायला मीच येते." पाटी लागली नाही.

त्या गेल्या तेव्हा संस्थेनं ठरवलं की आता तरी त्यांचा ब्राँझचा पुतळा अंगणात बसवायचा. काम दिलं सरोजला. तोवर तीही बाईंच्या जागी शिकवायला लागली होती. सरोजनं हौदातल्या मातीत बाईंचं डोकं केलं. वर चढलेली भुवई, आता ओरडतील असं तोंड. सगळी संस्था पाहून गेली. साचा घ्यायला कारागीर आले, प्लास्टर कालवलं गेलं. सरोजनं त्यांना थांबवलं. "बाईंचं हे पहिलंच डोकं आहे," ती म्हणाली. "पहिलं डोकं हौदात जातं. सगळ्यांचं." आणि तिनं सगळ्यांदेखत ते मोडलं आणि हौदात सोडलं. या खेपेला तिनं डोळे पुसले नाहीत.

म्हणून पाहुण्यांनी बाईंचा पुतळा कुठे आहे असं विचारलं की आम्ही हौदाकडे बोट दाखवतो. त्यांना वाटतं आम्ही थट्टा करतोय.

आजही हौदावर रोज पाणी पडतं. आजही मंत्री असो की कुलगुरू, त्याला मागनंच यावं लागतं, गोणपाट उचलून हात घालावा लागतो आणि कमानीपाशी येऊन माती मारावी लागते. आता तुम्ही घेतलीत ना हातात? मग हसू नका, आणि मोबाइल खिशात ठेवा. तुमच्या त्या मुठीत बाई किती आहेत ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आहेत. आणि त्यांना अजूनही ते दार उघडू द्यायचं नाही. तेव्हा जोरात मारा.